मूळ प्रत आणि पुरवण्या

आभासी यंत्रांचा, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनचा, इतिहास बहुधा प्रोसेसरच्या बाजूने सांगितला जातो. एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा भास कसा उभारला गेला आणि त्यासाठी वरच्या नियंत्रक प्रणालीने, म्हणजे हायपरवायझरने, आतल्या कार्यप्रणालीच्या आज्ञा मध्येच अडवून तिच्या वतीने कशा पार पाडल्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने या यंत्रांच्या डिस्कची हकिगत उपेक्षित राहिली, आणि ही उपेक्षा अन्यायाची आहे. रात्री बंद केलेले यंत्र सकाळी तेच यंत्र म्हणून उठते ते त्याच्या डिस्कमुळे. यंत्राची प्रत काढणे, ते एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणे, बिघडले तर कालच्या स्थितीत परत आणणे, या ज्या सोयींमुळे आभासी यंत्रे सर्वत्र रुजली, त्या साऱ्या डिस्क कशी मांडली आणि तिचा हिशेब कसा ठेवला यातूनच निघालेल्या आहेत.

या हकिगतीचा आरंभ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज या गावी होतो. आयबीएमने १९६४ मध्ये तेथे एक वैज्ञानिक केंद्र स्थापन केले, आणि ज्या इमारतीत ते होते त्याच इमारतीत एमआयटीचा ‘प्रोजेक्ट मॅक’ हा संशोधन प्रकल्पही होता. एक महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, या कालविभाजनाच्या कल्पनेने त्या काळी संशोधकांना झपाटले होते. केंद्रातील रॉबर्ट क्रीझी यांनी एमआयटीत असताना अशाच एका प्रणालीवर काम केले होते. केंब्रिजमध्ये त्यांनी आणि लेस कोमो यांनी निवडलेला मार्ग मात्र वेगळा होता: प्रत्येक वापरकर्त्याला सामायिक प्रणालीतला एक कोपरा देण्याऐवजी अख्खा संगणकच द्यायचा, अर्थात भासमान, आणि त्या संगणकावर त्याने जी हवी ती प्रणाली चालवावी. या विचारातून घडलेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली. तिच्यावर एका वेळी १४ आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येकाला २५६ किलोबाईट स्मृती असल्याचे भासे.

स्मृती आणि प्रोसेसर यांची वेळेनुसार वाटणी करता येते, कारण एकाचे काम थांबले की दुसऱ्याचे सुरू करता येते. डिस्कचे तसे नाही. तिच्यावर एकाने ठेवलेले त्याच जागी उद्याही सापडले पाहिजे. त्या काळच्या आयबीएम २३११ या डिस्कचा एक काढता-घालता येणारा गठ्ठा सुमारे ७.२५ मेगाबाईट माहिती साठवी, आणि प्रत्येक भासमान संगणकाला असा एकेक खरा गठ्ठा देणे परवडणारे नव्हते. त्यावर केंब्रिजच्या चमूने जी तोड काढली तिला पुढे ‘मिनिडिस्क’ हे नाव रूढ झाले. डिस्कच्या गठ्ठ्यात एकावर एक तबकड्या असतात आणि वाचणारी बाही एका जागी स्थिर असताना सर्व तबकड्यांवरची जी वर्तुळे तिच्या आवाक्यात येतात, त्यांना मिळून सिलिंडर म्हणतात. २३११ च्या एका गठ्ठ्यावर असे सुमारे २०० सिलिंडर होते. नियंत्रक प्रणालीने हे सिलिंडर शेताच्या पट्ट्यांसारखे वाटून दिले: अमुक वापरकर्त्याला इतक्यापासून इतके, तमुक वापरकर्त्याला त्यापुढचे. आभासी यंत्राने शून्य क्रमांकाच्या सिलिंडरवर जाण्याची आज्ञा दिली की नियंत्रक प्रणाली त्यात त्या वापरकर्त्याच्या पट्ट्याचा आरंभक्रमांक मिळवी आणि खऱ्या डिस्कला त्या जागी पाठवी. आतल्या प्रणालीला या बेरजेचा पत्ता लागत नसे. आपल्याला एक लहानशी पण पूर्ण डिस्क मिळाली आहे, अशीच तिची समजूत असे.

ही वाटणी एका निर्देशिकेत नोंदलेली असे आणि ती नोंद हाच त्या डिस्कच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा होता. निर्देशिकेत चुकून दोन पट्टे एकमेकांवर आले, तर दोन यंत्रे एकमेकांची माहिती शांतपणे पुसत राहत, आणि त्यांपैकी कोणालाही आपले काही चुकते आहे असे वाटत नसे. आभासी डिस्क सांभाळणे हे तबकडी सांभाळण्यापेक्षा वही सांभाळण्याचे काम आहे, ही गोष्ट इतक्या आरंभीच स्पष्ट झाली होती.

केंब्रिजमध्येच आणखी दोन बीजे पडली. सीएमएस ही एका वापरकर्त्यासाठीची छोटी कार्यप्रणाली प्रत्येक आभासी यंत्रावर चाले. पण तिची प्रत प्रत्येकाच्या पट्ट्यात ठेवणे म्हणजे जागेची उधळपट्टी, म्हणून प्रणालीची एकच डिस्क सर्वांना केवळ वाचण्यासाठी जोडली जाई आणि वापरकर्त्याचे स्वतःचे लेखन त्याच्या मिनिडिस्कवर होई. सर्वांची मिळून एक मूळ प्रत आणि ज्याची त्याची वेगळी वही, ही रचना पुढे साठ वर्षे पुन्हा पुन्हा परतून आली. दुसरे बीज स्मृतीचे होते. सीपी-४० च्याच वंशातल्या, ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीमध्ये सुरू होऊन सज्ज झालेल्या प्रणालीचे स्मृतीचित्र नाव देऊन डिस्कवर जतन करता येई आणि पुढच्या वेळी सारी जुळवाजुळव पुन्हा न करता थेट त्या क्षणापासून यंत्र उठवता येई. स्नॅपशॉट हा शब्द त्यासाठी वापरला जात नसला, तरी कल्पना तीच होती.

यानंतरचा मोठा कालखंड या विषयाच्या दृष्टीने झटकन ओलांडता येतो. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या जातीच्या प्रोसेसरवर आभासी यंत्र उभारता येते याच्या अटी गणिती शिस्तीने मांडल्या. पण लवकरच स्वस्त सूक्ष्मसंगणक आले, प्रत्येकाच्या मेजावर खराच संगणक बसला, आणि भासमान संगणकाची निकड मेनफ्रेमच्या जगापुरती उरली. दरम्यान ‘जुने न खोडता नवे वेगळीकडे लिहावे’ ही युक्ती इतर क्षेत्रांत वाढत होती. तिला कॉपी-ऑन-राइट म्हणतात: दोघे एकच पान वाचत असतील तोवर प्रत काढायची नाही, आणि एकाने लिहायला हात घातला की त्याच्यापुरती त्या पानाची प्रत करायची. १९७० च्या दशकाच्या आरंभी टेनेक्स या कार्यप्रणालीने स्मृतीच्या पानांसाठी ती वापरली. फायलींच्या जगात तिचे सर्वांत सुबक रूप दिसले ते नेटॲप कंपनीच्या वाफल या रचनेत, जिचे वर्णन डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. वाफल बदललेला मजकूर कधीच जुन्या जागी लिहीत नसे. त्यामुळे संपूर्ण साठ्याच्या मुळाशी असलेल्या एका नोंदीची प्रत काढली, की तेवढ्याने त्या क्षणीचा सारा साठा जसाच्या तसा जपला जाई. अशी २० पर्यंत क्षणचित्रे एका वेळी ठेवता येत आणि त्यांना स्नॅपशॉट हेच नाव दिलेले होते.

हे दोन प्रवाह स्टॅनफर्ड विद्यापीठात एकत्र आले. एडुआर्ड ब्यून्यॉं, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘डिस्को’ या प्रकल्पाचा मुख्य हेतू अनेक प्रोसेसर असलेल्या मोठ्या संगणकावर साध्या कार्यप्रणाली चालवणे हा होता. पण त्यासाठी त्यांनी बनवलेली डिस्क इतिहासाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची ठरली. सर्व आभासी यंत्रे एकाच मूळ डिस्कवरून उठत. एखाद्याने तिच्यात बदल केला, तर तो बदल मूळ डिस्कला न शिवता त्या यंत्राच्या खाजगी नोंदीत जाई, आणि न बदललेला भाग सर्वांसाठी स्मृतीतही एकदाच राही. केंब्रिजमध्ये मूळ प्रत केवळ वाचण्यापुरती होती. स्टॅनफर्डमध्ये प्रत्येकाला ती स्वतःचीच असल्यासारखी लिहिताही येऊ लागली.

१९९८ मध्ये रोझेनब्लम, डायन ग्रीन, डिव्हाइन, ब्यून्यॉं आणि एडवर्ड वँग यांनी कॅलिफोर्नियात व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि १९९९ मध्ये तिचे पहिले उत्पादन सर्वसाधारण पीसीवर चालू लागले. या उत्पादनाबरोबर एक मूलभूत बदल लाखो वापरकर्त्यांच्या हाती पोचला. मिनिडिस्क हा खऱ्या तबकडीवरचा पट्टा होता आणि त्याला त्याची जागा सोडता येत नसे; व्हीएमवेअरने डिस्क ही यजमान संगणकावरची एक फाईल केली. फाईलला नाव देता येते, तिची नक्कल करता येते, ती सीडीवर भरून दुसऱ्या गावी पाठवता येते. या फाईलीला, म्हणजे डिस्क इमेजला, आणखी एक गुण देता आला: आतल्या यंत्राला चार गिगाबाईटची डिस्क दिसत असली तरी बाहेरची फाईल आरंभी अगदी लहान असू शके आणि यंत्र लिहील तसतशी वाढत जाई. त्यासाठी व्हीएमडीके या मांडणीत डिस्कचे ६४ किलोबाईटचे कण पाडले होते. कोणता कण फाईलीत कुठे आहे हे सांगणारे तक्ते होते आणि त्या तक्त्यांची पुन्हा वरची अनुक्रमणिका होती. ज्या कणासाठी तक्त्यात शून्य लिहिलेले असे, तो अजून कोणी लिहिलेलाच नाही असे समजून त्याच्या जागी शून्ये दाखवली जात.

जिथे अशी अनुक्रमणिका आली, तिथे पुरवणीची वाट मोकळी झाली. तक्त्यातल्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘येथे काही नाही’ असा न घेता ‘येथले उत्तर मूळ फाईलीत पाहा’ असा घेतला, की तीच मांडणी परीक्षेतल्या पुरवणीसारखी वापरता येते: मूळ उत्तरपत्रिका तशीच राहते आणि नवे लिखाण पुढे जोडलेल्या कागदांवर होते. व्हीएमवेअरच्या आरंभीच्या आवृत्त्यांत डिस्कचे तीन प्रकार त्यावरच उभे होते. पहिल्या प्रकारात लिहिलेले थेट मूळ फाईलीत जाई. दुसऱ्यात ते पुरवणीत जाई आणि यंत्र बंद करताच पुरवणी फेकून दिली जाई, त्यामुळे दर वेळी यंत्र कोरेच उठे, जे प्रशिक्षणवर्गांना आणि चाचणी घेणाऱ्यांना अतिशय सोयीचे होते. तिसऱ्या प्रकारात यंत्र बंद करताना विचारणा होई की आजचे लिखाण मूळ प्रतीत उतरवायचे, टाकून द्यायचे, की निर्णय पुढे ढकलायचा. पुरवणीच्या फाईलीला रीडू लॉग म्हणत. व्यापाऱ्याची कीर्द जशी दिवसाचे व्यवहार टिपून ठेवते आणि खतावणीत मागाहून चढवते, तेच तिचे काम होते.

२००३ मधल्या चौथ्या आवृत्तीत यातूनच स्नॅपशॉट आला, आणि २००५ मधल्या पाचव्या आवृत्तीने एकाच यंत्राचे कितीतरी स्नॅपशॉट घेण्याची, त्यांना फांद्या फुटू देण्याची आणि मूळ डिस्कवर टेकलेली जोडप्रत काढण्याची सोय दिली. येथे शब्दाने एक मोठा गैरसमज रुजवला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. स्नॅपशॉट म्हणजे छायाचित्र असे म्हटले, की काहीतरी टिपून बाजूला ठेवले आहे असे वाटते. पण बहुतेक मांडण्यांत स्नॅपशॉट घेताना डिस्कची कोणतीही प्रत निघत नाही. चालू फाईल मिटली जाते आणि तिच्यापुढे एक कोरी पुरवणी उघडली जाते, म्हणूनच डिस्क कितीही मोठी असली तरी हे काम क्षणात होते. त्यानंतर यंत्राचे वर्तमान पुरवणीत राहते आणि भूतकाळ मूळ फाईलीत. मूळ फाईल हरवली किंवा थोडीशी जरी बदलली, तर पुरवणी निरर्थक होते, कारण तिच्यात केवळ फरक आहेत. स्नॅपशॉटला बॅकअप समजून निश्चिंत राहिलेल्या प्रशासकांना ही गोष्ट मूळ साठाच बिघडल्यावर समजे.

स्नॅपशॉट काढून टाकण्याचा अर्थही उलटाच होता. ‘पुसा’ म्हटल्यावर काही नाहीसे होण्याऐवजी पुरवणीतले लिखाण मूळ फाईलीत उतरवण्याचे मोठे काम सुरू होई. ते तासन्‌तास चाले आणि त्या वेळात डिस्कवरचा भार वाढे. जितक्या पुरवण्या जास्त, तितके वाचनाला अधिक मजले उतरावे लागत, आणि प्रत्येक पुरवणी वाढत वाढत मूळ डिस्कइतकी मोठी होऊ शके. म्हणून व्हीएमवेअरने आपल्या मार्गदर्शनात साखळीची मर्यादा ३२ सांगितली असली, तरी प्रत्यक्षात दोन-तीनच ठेवावेत आणि कोणताही स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त काळ राहू देऊ नये असे बजावले. एका क्षणात मिळणाऱ्या गोष्टीसाठी इतकी कडक मुदत घालावी लागली, यातच या रचनेचे खरे मोल आणि खरी किंमत दोन्ही दिसतात.

याच सुमारास दुसऱ्या एका मांडणीने वेगळ्या वाटेने प्रवास केला. कनेक्टिक्स या कंपनीने १९९७ मध्ये मॅकिंटॉशवर पीसीची प्रणाली चालवणारा व्हर्च्युअल पीसी काढला आणि त्याच्या डिस्कसाठी व्हीएचडी ही मांडणी घडवली. तिच्यात डिस्कचे साधारण दोन मेगाबाईटचे ठोकळे पाडत, आणि प्रत्येक ठोकळ्यासोबत ५१२ बाईटचा एक नकाशा असे, ज्यातला एकेक बिट त्या ठोकळ्यातल्या एकेका सेक्टरविषयी सांगे की हा येथे आहे की पालक फाईलीत पाहावा. पुरवणीत पालकाची ओळखसंख्या आणि वेळ नोंदलेली असे, म्हणजे भलत्याच मूळ प्रतीला पुरवणी जोडली जाऊ नये. फेब्रुवारी २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही उत्पादने विकत घेतली, आणि पुढे अनेक वर्षे त्या कंपनीच्या सर्व्हरवरील आभासी डिस्कच्या शेवटी मूळ कंपनीच्या नावाची आठ अक्षरांत बसवलेली खूण उमटत राहिली. नावातला एक ‘एन’ त्यात गाळावा लागला होता, कारण खुणेसाठी आठच बाईट राखलेले होते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे काम फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांच्या क्यूएमूमधून पुढे गेले. २००३ मध्ये आलेल्या या अनुकरण-प्रणालीने आधी साधी पुरवणी-फाईल घेतली, मग क्यूकाऊ ही स्वतःची मांडणी आणली, आणि २००६ मध्ये क्यूकाऊ२ आली. क्यूकाऊ२ चे वैशिष्ट्य असे की तिच्यात अनेक स्नॅपशॉट एकाच फाईलीच्या पोटात राहू शकतात. डिस्कचे ६४ किलोबाईटचे तुकडे केले जातात. दुसऱ्या पातळीच्या एका तक्त्यात अशा ८,१९२ तुकड्यांचे पत्ते बसतात, म्हणजे एक तक्ता ५१२ मेगाबाईटची काळजी घेतो, आणि पहिल्या पातळीचा तक्ता या तक्त्यांचे पत्ते सांगतो. यांच्या जोडीला प्रत्येक तुकड्याची एक संदर्भसंख्या ठेवली जाते: या तुकड्यावर किती जणांचा हक्क आहे. स्नॅपशॉट घेताना पहिल्या पातळीच्या तक्त्याची तेवढी प्रत निघते आणि सर्व तुकड्यांची संदर्भसंख्या एकाने वाढते. पुढे लिहायची वेळ आली आणि संख्या एकाहून अधिक दिसली, तर तो तुकडा न खोडता नवा घेतला जातो. सामाईक घरातल्या भिंतीला एकट्याने हात लावता येत नाही, तशीच ही व्यवस्था आहे.

तिचा बोजाही तितकाच होता. प्रत्येक लेखनाबरोबर तक्ता आणि संदर्भसंख्या दोन्ही योग्य क्रमाने डिस्कवर पोचाव्या लागत, नाहीतर मध्येच वीज गेल्यास एकाच तुकड्यावर दोघांचा दावा राही. २०१० मध्ये आयबीएममधील अँथनी लिगोरी आणि स्टेफान हायनॉत्सी यांनी संदर्भसंख्याच वगळलेली क्यूईडी ही हलकी मांडणी पुढे आणली, ती या दुखण्यावरच. क्यूईडी टिकली नाही. पण वीज गेल्यानंतर सारी फाईल तपासून हिशेब पुन्हा जुळवावा, रोजच्या लेखनाला त्याची झळ बसू देऊ नये, ही तिच्यामागची दृष्टी २०१२ मध्ये क्यूकाऊ२ च्या सुधारित आवृत्तीतही दिसली. पराभूत मांडणीने विजयी मांडणी सुधारल्याचे असे उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात आवर्जून नोंदले पाहिजे.

फाईलीला मूळ प्रतीचे नाव लिहून ठेवता येते, या साध्या सोयीतून २००८ मध्ये एक गंभीर दोष उघडकीस आला. क्यूएमू डिस्क इमेज कोणत्या मांडणीची आहे हे तिच्या आरंभीच्या खुणेवरून ओळखे. ज्या फाईलीला कोणतीच मांडणी नाही, जी केवळ कच्ची डिस्क आहे, तिचे पहिले सेक्टर आतल्या यंत्राच्या ताब्यात असतात. आतल्या प्रशासकाने तेथे क्यूकाऊची खोटी खूण लिहिली आणि मूळ प्रत म्हणून यजमान संगणकावरच्या एखाद्या गोपनीय फाईलीचा मार्ग लिहिला, तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताच ती फाईल त्याला आपल्या डिस्कवर वाचायला मिळे. मांडणीचा अंदाज बांधू नये, ती स्पष्टपणे सांगावी, हा नियम त्यानंतर रुजला. आणि ज्या भिंतीवर आभासी यंत्रांचा सारा भरवसा उभा होता, ती डिस्कच्या बाजूने किती पातळ होती हेही दिसून आले.

यापेक्षा खोल प्रश्न वेळेचा होता. २००५ मध्ये ताल गारफिंकेल आणि रोझेनब्लम यांनी एका निबंधात दाखवले की खऱ्या यंत्राचे आयुष्य एका रेषेत पुढे जाते, तर स्नॅपशॉट असलेल्या यंत्राचे आयुष्य झाडासारखे फांद्यांनी वाढते, आणि सुरक्षिततेची कित्येक गृहीते रेषेवर बेतलेली आहेत. मागे नेलेल्या यंत्रातून सुरक्षा-दुरुस्त्या नाहीशा होतात, बंद केलेली खाती पुन्हा उघडतात, आणि एकदाच वापरायची म्हणून काढलेली यादृच्छिक संख्या दुसऱ्यांदा तीच निघू शकते. २०१० मध्ये थॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी हा शेवटचा धोका प्रत्यक्षातल्या सॉफ्टवेअरवर दाखवून दिला. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या खातेनोंदींच्या व्यवस्थेत याचे वेगळे रूप दिसले. तेथे अनेक सर्व्हर एकमेकांना बदल कळवताना चढते क्रमांक वापरतात. एक सर्व्हर स्नॅपशॉटने मागे गेला, की तो वापरलेले क्रमांक पुन्हा वापरतो, आणि सोबती ‘हे बदल आपण घेतलेले आहेत’ असे समजून नवे बदल सोडून देतात. कोठेही चूक दाखवली जात नाही, आणि दोन सर्व्हरच्या नोंदी हळूहळू एकमेकींपासून दूर जातात.

उपाय शोधताना केंब्रिजमधले जुने तत्त्वच बाजूला ठेवावे लागले. आतल्या प्रणालीला आपण आभासी आहोत हे कळता कामा नये, ही सीपी-४० ची शिस्त होती. आता तिला निदान एवढे तरी सांगणे भाग होते की तिचा काळ तुटला आहे. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर मायक्रोसॉफ्टने यंत्राच्या पिढीची ओळखसंख्या आणली. हायपरवायझर आतल्या यंत्राच्या स्मृतीत १२८ बिटांची एक संख्या ठेवतो आणि स्नॅपशॉटवरून यंत्र परत उठवले किंवा त्याची प्रत काढली, की ती बदलतो. खातेनोंदींचा सर्व्हर ही संख्या आपल्याजवळच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि ती वेगळी दिसली, तर आपली जुनी ओळख टाकून नव्या ओळखीने सोबत्यांशी बोलू लागतो. व्हीएमवेअर आणि क्यूएमू यांनीही ही संख्या पुरवली. मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीत तिच्यासाठी चालक जोडला गेला. संख्या बदलल्याचे कळताच तो यादृच्छिक संख्यांच्या जनित्राला नवे बीज देतो, आणि एकाच स्नॅपशॉटमधून उठलेली दोन यंत्रे त्या क्षणापासून वेगवेगळ्या संख्या काढू लागतात.